वांझ कसली, नर आहे तो!

"ही सतरावी."

भिंतीपलीकडून असा आवाज आला की समजायचं, काकू पालथ्या बादलीवर चढल्या. ॲरिझोनातल्या टूसॉनच्या जुन्या वस्तीत दोन घरांच्या मधे सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असते. आमची भिंत माझ्या खांद्याला लागते आणि काकूंच्या डोक्यावरून जाते, म्हणून ती बादली.

"काय सतरावी, काकू?"

"शिंक तुझी. सकाळपासून मोजायलेय मी. दुसरं काम काय आहे मला? कुकरच्या शिट्ट्या अन् तुझ्या शिंका."

काकू जालना जिल्ह्यातल्या. मुलगा इथल्या विद्यापीठात शिकवतो. नातवाच्या वेळी सुनेच्या बाळंतपणाला आल्या त्या राहिल्याच. मी डोंबिवलीची, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. झाड म्हणजे गॅलरीतली तुळस आणि शेजाऱ्यांचा मनीप्लांट, एवढीच माझी समज. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी इथलं जुनं विटांचं घर बघायला गेलो, मागच्या अंगणात हे भलंमोठं झाड दिसलं आणि त्याखाली उभं राहिल्यावर उन्हाचा चटका एकदम थांबला, तेव्हा मी घराच्या आत न जाताच नवऱ्याला म्हटलं, "घेऊन टाक." एजंटबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "फ्रूटलेस मलबेरी! काही कचरा नाही, काही त्रास नाही."

त्या बाई बहुतेक ऑगस्टमध्येच घरं दाखवत असाव्यात. आता मार्च चालू होता. फरशीवर बोटभर लांबीचे पिवळट हिरवे तुरे पडून वाळले होते, लांबून बघावं तर अळ्यांचा सडा. झाडावर पानं पुरती फुटली नव्हती, पण माझे डोळे जांभळासारखे झाले होते.

"काकू, ठरलं आमचं. सोमवारी माणूस येऊन बघून गेला. पाडतोय आम्ही हे झाड."

पलीकडे बादली कुरकुरली. "कामून?"

"कामून काय? नाक बघा माझं. शिवाय फळ नाही, फूल नाही. वांझ झाड ते, ठेवून करायचं काय?"

काकू एरवी बोलण्यात पटाईत, पण या वेळी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वांझ म्हणू नको. एक तर तो शब्द चांगला नाही. दुसरं म्हणजे बाई नाहीच ती. बाप्या आहे तो."

"बाप्या?"

"नर तुती! पपई बघितलीस का कधी?"

"फोडी केलेली."

"मंग तुला काय सांगावं! पपईत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराला निस्ते लांब देठाचे फुलांचे झुबके येतात. शेतकरी ओळखतो, वीस झाडांत एक-दोन नर ठेवतो अन् बाकीचे उपटून फेकतो. तुतीचं बी बहुतेक तसंच. अन् हे जे पडलंय ना तुझ्या फरशीवर, ते फूलच आहे त्याचं. मक्याला वर तुरा येतो अन् खाली कणीस. तुरा म्हणजे नर. तुझ्या झाडाला निस्ता तुराच, कणसाचा पत्ता नाही."

मी एक तुरा उचलून पाहिला. बोटावर पिवळी पूड लागली. आणि अठरावी आली.

"माझ्या थोरल्या जावेला," काकू पुढे म्हणाल्या, "अकरा वर्षं वांझ म्हणायचे. सवाष्ण म्हणून जेवायला सांगायचे नाहीत. मंग शहरात डॉक्टरनं दोघांना तपासलं. दोष थोरल्या दिरांचा निघाला. त्या दिवसापासून घरात तो विषयच बंद. जावेची कुणी माफी मागितली नाही, दिराला कुणी काही म्हणलं नाही. म्हणून सांगते, फळ दिसलं नाही की लगेच बाईला नाव ठेवायचं, ही सवय लई वाईट."

यावर मी काय बोलणार? मी नाक पुसलं.

"पण काकू, लोक असलं बिनफळाचं झाड मुद्दाम लावतात कशाला?"

हा प्रश्न विचारायला नको होता किंवा आधीच विचारायला हवा होता, कारण काकू बादलीवर नीट सावरून उभ्या राहिल्या आणि आवाज खाली आला. आवाज खाली आला म्हणजे बातमी समोरच्या घराची.

"समोरचे आजोबा आहेत ना, त्यांना होळीची पुरणपोळी घेऊन गेले होते मी. कटाची आमटी नाही दिली, उगाच ठसका लागायचा. तर त्यांनीच सांगितलं. पन्नासेक वर्षांमागं ही गल्ली निस्तं रेताड होती. घरं नवी, सावली कुठं नाही. एका शनिवारी नर्सरीचा ट्रक आला अन् गल्लीत घरटी एक झाड उतरलं. सगळी एकाच बापाची."

"म्हणजे?"

"कलमं गं. एका चांगल्या नराच्या फांद्या घ्यायच्या अन् त्याच्यावरून हजार करायच्या. बी पेरलं तर निम्म्या पोरी निघतील ना! त्या यांना नको होत्या. अन् आजोबांच्या बायकोला," आवाज आणखी खाली, "फळाचंच झाड पाहिजे होतं. माहेरी होतं म्हणे, मुरांबा करायची. पण आजोबांनी त्याच साली पांढरी गाडी घेतली होती. तुतीचं फळ गळालं की जांभळा डाग, पाखरानं खाल्लं तर दोन डाग. आजोबा म्हणाले, नर लावा. बाई अजून बी दर उन्हाळ्यात बहिणीकडं कॅलिफोर्नियाला जाते अन् तुतीच्या मुरांब्याच्या बाटल्या आणते. आजोबांना चमचाभर बी देत नाही."

"पन्नास वर्षं?"

"गाडी भंगारात गेली. राग तसाच आहे."

त्या रात्री मी इकडचं तिकडचं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी माहिती सांगायची पाळी माझी होती. सकाळी भिंतीशी गेले तर काकू आधीच हजर. तोंडावर नातवाचा मास्क, त्यावर डायनासोर.

"काकू, तुमचे आजोबा मूळचे इथले का हो?"

"छे! लहानपणी दमा होता त्यांना. डॉक्टरनं सांगितलं वाळवंटात न्या, म्हणून आईबाप शिकागोहून इथं आले."

"हेच! हे गावच असं वसलं. आधी क्षयरोगी यायचे, तंबू ठोकून राहायचे. मग दम्याचे आणि शिंकांचे रुग्ण यायला लागले. इथली हवा कोरडी, परागकण कमी. देशभरचे डॉक्टर सांगायचे, ॲरिझोनाला जा. लोक आले, बरे झाले, घरं बांधली आणि मग त्यांना गावाकडच्या हिरवळीची आठवण यायला लागली. म्हणून त्यांनी तीन गोष्टी लावल्या. एक ही नर तुती. दुसरं जैतून."

"ऑलिव्ह ना? सून सॅलडात घालती ते."

"तेच. आणि तिसरं, अंगणात बर्म्युडा नावाचं गवत. ते गवत म्हणजे काय माहितीये? आपली दूर्वा! आपली हरळी!"

काकूंनी डायनासोर खाली ओढला. "गणपतीच्या दूर्वा? अन् मी सुनेला म्हणतेय, भारतीय दुकानात मिळतात का बघ!"

"तुमच्या पायाखालीच आहेत. तर या तिघांनी मिळून हवा अशी करून टाकली की दम्यासाठी आलेल्यांची पोरं इथेच शिंकायला लागली. शेवटी ऐंशीच्या दशकात इथल्या कौंटीने नर तुती आणि जैतून विकायलाच बंदी घातली. लास व्हेगास ज्या क्लार्क कौंटीत आहे, तिथे १९९१ साली नवी लावायला बंदी आली. टेक्ससमधल्या एल पासोनेही पुढे तेच केलं. लावलेली झाडं मात्र कुणी तोडायला लावली नाहीत. म्हणून आपल्या गल्लीतली ही जुनी मंडळी अजून उभी आहेत."

"म्हणजे तुझं झाड पेन्शनीत आहे म्हण."

"पेन्शनीत? अंगात काय जोर आहे बघा. २००६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी पांढऱ्या तुतीच्या फुलाचं चित्रीकरण केलं. ही तीच जात. फुलातला पुंकेसर आत वाकवून ताणलेला असतो. हवा कोरडी झाली की सुटतो आणि पराग फेकतो. किती वेळात? सेकंदाचे चाळीस हजार भाग करा, त्यातला एक. वेग ध्वनीच्या निम्म्याहून जास्त. वनस्पतींमध्ये एवढी वेगवान हालचाल तोवर कुणी मोजलीच नव्हती."

काकूंनी हवेत हात गरगर फिरवून सोडला. "गोफण! ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून आम्ही पाखरं हाणायचो तशी. वाऱ्यावरचं झाड ना ते, त्याला मधमाशी लागत नाही. दूरवर कुठं एखादी मादी असंल या आशेनं हाणतं बिचारं."

"आणि मादी कुठेच नाही."

"नाहीच. आपण पपईत नर उपटतो, यांनी तुतीत माद्या उपटल्या. मंग हजार बाप्ये एका गावात, अन् बाई एक बी नाही. ते शांत बसतील का? गोफणी चालवणारच. ते सगळं येऊन बसतं तुझ्या नाकात."

एवढं हसू आलं की त्यातच दोन शिंका खपून गेल्या.

पण काकूंच्या मनातून विषय गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी थेट फाटकातून आल्या, हातात वाटी, वाटीत चकल्या. झाडाखाली जाऊन बुंध्यावर हात ठेवला, वर बघितलं, खाली बघितलं. फरशीच्या दोन लाद्या मुळांनी उचलल्या आहेत, तिथे चपलेने दाबून पाहिलं.

"मुळं वर आलीत. पाणी बुंध्याशी घालायलीस ना?"

"हो. पाइप तिथेच ठेवते."

"तिथं नाही घालायचं. भर दुपारी सावलीची कड कुठं पडती तिथं द्यायचं, लांब. सावकाश, खोल मुरू द्यायचं, अन् मंग उन्हाळ्यात बी दहा-पंधरा दिवस बघायचं नाही. बुडाशी रोज घोटघोट पाजलं तर मुळं खाली कशाला जातील? वरच लोळतात, लाडावलेल्या पोरावानी."

मी त्यांना गेल्या दिवाळीची गोष्ट सांगितली. ऐन लक्ष्मीपूजनाला न्हाणीघर तुंबलं. प्लंबर आला, त्याने जमिनीखालच्या जुन्या मातीच्या नळात तार घातली आणि ओढलं तर बाहेर आली मुळांची वेणी, चांगली हातभर, बारीक केसांसारखी, ओली. सासूबाई व्हिडिओवर होत्या. त्यांना वाटलं, माझंच गंगावन.

"पाण्याचा वास येतो त्याला. उंबराला बी येतो," काकू म्हणाल्या. "भावकीच ती. वड, पिंपळ, उंबर, फणस, सगळे तुतीचे भाऊबंद. हे बघ." त्यांनी कोवळं पान देठाशी मोडलं. देठातून पांढरा चीक आला. "चिकावरून कूळ कळतं."

"बरं, पाडायचं नाही तर छाटू का? माळी म्हणतो, सगळं डोकं उतरवून देतो, नुसते खांब ठेवतो. पलीकडच्या गल्लीत केलंय तसं. फांद्यांच्या टोकाला गाठी, मुठी वळल्यासारख्या."

"आमच्याकडं तुती कापतातच की! भाचा रेशमाची शेती करतो. तुती म्हणजे झुडूप, झाड होऊ देतच नाहीत. पाला निघाला की छाटणी, पुन्हा फुटवे, पुन्हा पाला. वर्षाला पाच-पाच पिकं. जालन्यातच कोषाचा बाजार झालाय आता. तुतीचं झाड असतं, हे मी इथं येऊन बघितलं! तवर मला वाटायचं, तुती म्हणजे मेथीच्या थोरल्या बहिणीएवढी. पण झुडपाची गोष्ट वेगळी. हे म्हातारं. एकदम सगळं डोकं उतरवलं तर जूनच्या उन्हात साल भाजंल. इथं ४३ अंश होतं. फांदी भाजली की सालीखाली काळी भुकटी धरती, दिव्याच्या काजळीवानी. कोपऱ्यावरच्या घरचं तसंच गेलं. साल पापुद्र्यासारखी सुटली, खाली निस्तं काळं."

"म्हणजे पाडायचंही नाही, छाटायचंही नाही."

"वाळकं काढ, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढ. थंडीत, पानं झडल्यावर. त्याला काय उशीर लागतो? पहिलं दव गोठलं की दोन दिवसांत सगळी पानं खाली. असं झाड मी नाही बघितलं. बाकीची सावकाश झडतात. हे रात्रीतून धोतर सोडून उभं राहतं."

खरं सांगायचं तर याच गोष्टीसाठी मला ते आवडतं. हिवाळ्यात पानं नसतात, तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं. मेपासून तीच खिडकी हिरवी होते आणि संध्याकाळी चारला ओट्यावर हात ठेवता येतो. त्या झाडाखाली खुर्ची टाकली की जूनमध्येही पुस्तक वाचता येतं. खुर्ची दहा फूट सरकवली की पुस्तकाच्या कडा तापतात. पाडल्यावर त्या सोमवारच्या माणसाचे पैसे एकदाच जातील, पण विजेचं बिल दरमहा येईल. हे सगळं मी काकूंना सांगितलं नाही. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चकलीची वाटी पुढे केली.

"खरं काम निराळंच होतं माझं," त्या म्हणाल्या. "पाला पाहिजे. कोवळा, डहाळीच्या शेंड्याचा. नातवाच्या शाळेत रेशमाचे किडे दिलेत. बुटाच्या खोक्यात. बाईंनी सांगितलंय, मलबेरीची पानं आणा. पोरं रडकुंडीला आली, कुठं मिळतात म्हणून. मी म्हणलं, माझ्या भिंतीला टेकून उभं आहे की!"

"पण हे तर नर झाड."

"किड्याला नर-मादी कळत नाही, पाला कळतो."

मग काही आठवडे माझ्या सकाळचं वेळापत्रक ठरलं. मी मास्क लावून शेंड्याची पानं खुडायची, भिंतीवर ठेवायची. एकाच डहाळीवरची पानं, पण एक पिंपळाच्या पानासारखं अख्खं, एक हाताच्या पंजासारखं कातरलेलं. काकू ती पुसून घ्यायच्या. ओला पाला घातला तर किडे मरतात, हे त्यांनी शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहून कळवलं. किडे चार वेळा कात टाकतात. कात टाकायच्या आधी मान वर करून गप्प बसतात, तेव्हा त्यांना हलवायचं नाही. पोरं म्हणाली, मेले. काकू म्हणाल्या, झोपलेत. आणि झोपलेलेच निघाले. वर्गात काकूंचा भाव एकदम वाढला. कोष करायच्या वेळेसाठी त्यांनी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खणांची चंद्रिका, म्हणजे किड्यांना कोष विणायला लागते ती चौकट, करून दिली. गावाकडे ती बांबूची किंवा प्लास्टिकची असते, एवढाच फरक.

शेवटच्या आठवड्यात किडे करंगळीएवढे झाले आणि खोकं सुट्टीपुरतं काकूंकडे आलं. रात्री नऊला भिंतीवर टकटक झाली.

"ये इकडं. दिवा लावू नको."

त्यांच्या ओसरीवर अंधारात बसलो. खोक्याचं झाकण काढलेलं. काकू म्हणाल्या, "ऐक."

आधी काही कळलं नाही. मग ऐकू आलं. सर... सर... सर. पत्र्यावर लांबून पाऊस येतो तसा. खोक्यात शंभरेक किडे माझ्या झाडाचा पाला खात होते.

"भाच्याच्या शेडमध्ये लाखांनी असतात. तिथं तर मुसळधार वाटतो," काकू हळू म्हणाल्या. "दुष्काळात मी मुद्दाम जाऊन बसायची. पाऊस नाही, पण आवाज तरी."

टूसॉनला पाऊस यायला अजून तीन महिने होते. आम्ही बराच वेळ बसलो. मी शिंकले नाही, म्हणजे आली होती, पण दाबली.

दुसऱ्या दिवशी सोमवारच्या माणसाला फोन करून सांगितलं, आता नको. नवरा म्हणाला, मग पुढच्या मार्चला काय? त्याचं उत्तर काकूंकडे तयार होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बादली न घेता, टाचा उंच करून नुसते डोळे दाखवले.

"म्हाताऱ्याला लगेच काढू नको. त्याच्या पश्चिमेला, पंधरा-वीस फुटांवर दुसरं लाव. ते वर येईस्तोवर याची सावली घे. सहा-सात वर्षांत हा आपोआप थकल, मंग काढ."

"दुसरं कुठलं?"

"इथलंच. मेस्कीट. मुळं खोल जातात, पाणी मागत नाही. अन् मेस्कीट म्हणजे काय सांगू?" काकू आता मला माझ्याच पद्धतीने परत देत होत्या. "वेडी बाभूळ! तिची सख्खी बहीण. आपल्याकडं तिनं गायरानं खाल्ली, शिव्या खाल्ल्या. अन् इथं ती लेक आहे मातीची. इथले मूळचे लोक तिच्या शेंगा दळून पीठ करत आलेत, अजून बी गावात गिरणी लागती शेंगांची. गोड असतं. मी आणलंय, थालीपिठात मूठभर घालते. सुनेला अजून कळलं नाही."

"पण काकू, शेंगा म्हणजे जूनमध्ये सगळ्या अंगणात पडणार."

"पडणारच."

"गाडीवरही."

"गाडी कोणत्या रंगाची आहे तुझी?"

"पांढरी."

काकूंचे डोळे भिंतीआड गेले. बादली ओढल्याचा आवाज आला, मग खांद्यापर्यंत काकू वर आल्या. "मंग आत्ताच ठरव. मला त्या समोरच्या आजीवानी पन्नास वर्षं रुसायला वेळ नाही."

गेल्या शनिवारी रोप लावलं, माझ्या गुडघ्याएवढं. काटे आहेत, दोनदा टोचले. गाडी आता रस्त्यावर उभी करतो. आणि समोरच्या आजी, ज्या दोन वर्षांत माझ्याशी हवामानापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्या रस्ता ओलांडून आल्या, रोपाकडे बघितलं आणि विचारलं, शेंगा येणारं आहे ना?

मी म्हटलं, येणारं आहे. त्या परत गेल्या आणि मुरांब्याची एक बाटली घेऊन आल्या.

भिंतीपलीकडून आवाज आला, "निम्मी इकडं."